१८४० चा रुपया: मालिकेच्या तीन भागांसाठीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम आलं. मराठी पिरियड मालिका, काळ १८५३. मुंबई-ठाणे पहिली आगगाडी धावली ते साल, आणि दिग्दर्शकांना आगगाडी हवीच आहे. जागा काळबादेवीतली एक पेढी. तीन भागांचा ट्रॅक पूर्ण नाण्यांवर फिरतो म्हणून मला, जुनी नाणी जमवणारीला, बोलावलं. एरवी नाणी लागली की आर्टवाले भुलेश्वरातून पत्र्याच्या लक्ष्मीछाप चकत्या किलोवर आणतात आणि सातवाहनांपासून पेशवाईपर्यंत त्याच खपतात.

कथा अशी: एका गृहस्थाने १८४५ मध्ये पेढीवर रुपयांची थैली ठेव म्हणून ठेवली, तोंडावर लाखेची मोहर. गृहस्थ वारले. आठ वर्षांनी त्यांची बायको थैली मागायला येते. थैलीत सहाशे रुपये निघतात, हजार हवे होते. मुनीम म्हणतो, शेटजींनी एवढेच ठेवले होते, मोहर बघा, शाबूत आहे. पावती सापडत नाही. मग घरातली सून, सराफाची लेक, त्या सहाशेंतला एक रुपया उचलते आणि सिद्ध करते की थैली मधल्या काळात फोडून पुन्हा बंद केली आहे.

ट्रॅक चांगला आहे. अडचण एका ओळीची. पटकथेत लिहिलंय: ‘क्लोजअप. नाण्यावर साल १८४७.’ असा रुपया कुठल्याच टांकसाळीत पडलेला नाही. लेखिकाताईंना उद्या फोन.

४ जून

फोन झाला. हेच पुन्हा चॅनेललाही सांगावं लागणार, म्हणून इथे मांडून ठेवते.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. एका बाजूला चौथ्या विल्यमचं डोकं, दुसऱ्या बाजूला साल १८३५. हेच साल १८४० पर्यंत छापत राहिले. मग व्हिक्टोरियाचं डोकं आलं, साल १८४०, आणि ते थेट १८६२ पर्यंत तसंच. त्यानंतर १८६२ हे साल १८७४ पर्यंत. दरवर्षी नवं साल घालायची पद्धत त्यानंतरची. टांकसाळीच्या लेखी ते साल नाणं पाडल्याचं नव्हतं, नमुना ठरल्याचं होतं. म्हणजे १८४५ च्या थैलीतला रुपया आणि १८५३ मध्ये मुनिमाने कोंबलेला रुपया, दोन्हींवर १८४० च.

ताई जरा वेळ गप्प. मग, “अगं, मग माझ्या सुनेने पकडायचं कशावरून?”

पकडायला जागा आहे. १८४० सालाचे रुपये दोन तऱ्हांचे आहेत. पहिल्या तऱ्हेत ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून एका सलग कमानीत जातात. दुसऱ्या तऱ्हेत डोकं मधे येतं आणि अक्षरं दुभंगतात, डावीकडे व्हिक्टोरिया, उजवीकडे क्वीन. ही दुसरी तऱ्हा १८५० च्या सुमारास आली. १८४५ ला मोहरबंद झालेल्या थैलीत दुभंग अक्षरांचं एक जरी नाणं निघालं तरी मुनीम संपला.

ताई म्हणाल्या, “हे सालापेक्षा भारी आहे. साल कोणीही वाचेल.”

७ जून

अंधेरीत लेखकांच्या खोलीत दिवसभर बैठक. पाऊस अजून नाही, एसी बंद. दिग्दर्शकांचं म्हणणं होतं की नाण्यावर कथा फिरवलेल्या मालिका आधी सगळ्यांनी बघून घेऊ, म्हणजे उगाच कुणाची नक्कल नको. मी यादी नेली होती. सगळं पूर्ण बघणं शक्य नव्हतं, तुकडे बघितले.

‘ट्वायलाइट झोन’चा १९६१ चा भाग, ‘अ पेनी फॉर युवर थॉट्स’. बँकेतला एक साधा कारकून सकाळी पेपर घेतो, पेपरवाल्याच्या डब्यात नाणं टाकतो आणि नाणं कडेवर उभं राहतं. त्या क्षणापासून त्याला लोकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. बँकेतला जुना, विश्वासू माणूस तिजोरी लुटायचा बेत करतोय असं त्याला ‘ऐकू’ येतं, तो वरिष्ठांना सांगतो, झडती होते, काहीच सापडत नाही. तो माणूस वर्षानुवर्षं फक्त मनात मांडे खात होता. संध्याकाळी कारकून पुन्हा नाणं टाकतो, सकाळचं नाणं आडवं होतं, सगळं शांत. खोलीतल्या सगळ्यांना हा भाग आवडला. साहाय्यक दिग्दर्शकाने लगेच खिशातलं नाणं टेबलावर उडवायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याबद्दल १९९३ मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता: ते कडेवर उभं राहण्याची शक्यता साधारण सहा हजारांत एक. आपलं १९९२ पासूनचं जाड पाच रुपयांचं नाणं असेल तर थोडी आशा जास्त. कंपनीचा रुपया पातळ आणि रुंद, त्याच्याकडून अशी अपेक्षा करू नये.

‘कोलंबो’, १९७७, अतिहुशार लोकांच्या क्लबातल्या खुनाचा भाग. खून बाजूला, मला त्यातलं कोडं हवं होतं. सोन्याच्या नाण्यांच्या अनेक थैल्या, एक थैली पूर्ण खोट्या नाण्यांची, खोट्याचं वजन किंचित वेगळं. काटा एकदाच वापरायचा. उत्तर: पहिल्या थैलीतून एक नाणं, दुसरीतून दोन, तिसरीतून तीन, असं घ्यायचं आणि सगळी एकत्र तोलायची. वजनातला फरक कितीपट आला तितक्या क्रमांकाची थैली खोटी. दिग्दर्शक उठून उभे राहिले. “हे आपल्या सुनेला देऊया.” ताईंनी नकार दिला, आणि बरोबर दिला. आपल्याकडे थैली एकच आहे, आणि रुपये सगळे खरे आहेत. खोटा आहे तो मुनीम.

‘बॅटमॅन’ची १९९२ ची कार्टून मालिका, टू-फेसच्या जोडभागाचा दुसरा भाग. हा खलनायक प्रत्येक निर्णय नाणं उडवून घेतो. बॅटमॅन काय करतो, त्याचं नाणं हवेत असतानाच नाण्यांची अख्खी पेटी उधळून देतो. शेकडो एकसारखी नाणी खाली पडतात आणि त्याला स्वतःचं नाणं ओळखता येत नाही. तो तिथेच कोसळतो. मुलांच्या मालिकेत इतकं क्रूर दृश्य मला दुसरं आठवत नाही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’मधलं आर्याचं लोखंडी नाणं. २०१२ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तिला मिळतं, २०१४ मध्ये चौथ्या पर्वाच्या शेवटी ती ते जहाजाच्या कप्तानाच्या हातावर ठेवते आणि त्याची वागणूक पालटते. यात नाणं नुसती ओळखीची खूण आहे. अंगठी चालली असती, चिठ्ठी चालली असती. ‘डकटेल्स’मधल्या स्क्रूज काकांची पहिली कमाई, ते दहा सेंटचं नाणं, हेही तसंच ताईत. नव्वदीत रविवारी दूरदर्शनवर हिंदीत बघितलेलं सगळ्यांना आठवत होतं, त्यामुळे त्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ गेला.

बैठकीतून माझ्यापुरतं जे ठरलं ते लिहून ठेवते. सगळी नाणी सारखी असतात, त्यासाठीच ती पाडलेली असतात. गोष्टीत नाणं तेव्हाच कामाचं होतं जेव्हा हजार सारख्यांतलं एक जरासं वेगळं निघतं, किंवा निघता निघत नाही. कोलंबोच्या थैलीतला वजनाचा फरक आणि टू-फेसचं हरवलेलं नाणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं. आपला दुभंग अक्षरांचा रुपया याच घरातला आहे. बाकी चकाकी म्हणून वापरायचं असेल तर दागिना वापरा, तो कॅमेऱ्यात जास्त खुलतो.

८ जून

ताईंचा रात्री उशिरा मेसेज: “१८५३ मध्ये कुणाला कसं कळणार की दुभंग अक्षरं नंतरची आहेत? साल तर तेच.”

प्रश्न खरा आहे. आज आपल्याकडे कॅटलॉग आहेत. सुनेकडे काय?

दुपारी त्यांनीच मार्ग काढला. सासूबाईंच्या देवघरात लक्ष्मीपूजनाच्या रुपयांची डबी. दर दिवाळीला टांकसाळीतून आलेला एक कोरा रुपया पूजेला, नंतर कागदात गुंडाळून डबीत, कागदावर शके. शके १७६७, ६८, ६९. सून पुड्या ओळीने सोडते. सुरुवातीच्या सगळ्या पुड्यांत सलग कमान, शेवटच्या काहींत दुभंग. नाण्यावरचं साल थांबलेलं, पण कागदावरचं शके चालू.

एवढ्या मोठ्या टांकसाळीने जे साल लिहायचं टाळलं ते एका बाईने पुडीवर लिहून ठेवलं. ताईंना इतकंच कळवलं की यात एक अक्षर बदलू नका.

११ जून

फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवरच्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात आर्ट डायरेक्टर दादांना घेऊन गेले. २००४ पासून ते तिथे आहे, दादा रोज चर्चगेटला उतरणारे, पण आत कधी गेले नव्हते. येताना मिंट रोडवरून. टांकसाळीची १८२९ ची इमारत आणि समोर रिझर्व्ह बँकेचा मनोरा, रस्ता एवढासा. आपल्या गोष्टीतले रुपये इथेच पडले असणार, हे दादांना सांगितल्यावर त्यांनी लगेच फोटो काढले. सेटवर टांकसाळ दाखवायचा विचार त्यांच्या डोक्यात शिरलाय असं दिसतं. बजेटवाले बघून घेतील.

घरी आल्यावर माझ्या संग्रहातले दोन्ही तऱ्हांचे रुपये भिंगाखाली ठेवून दादांसाठी तपशील काढले:

व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. राणी डावीकडे बघते, केस मागे बांधलेले, फितीची गाठ दिसते. मानेच्या कापावर कोरणाऱ्या विल्यम वायनची आद्याक्षरं, इतकी बारीक की अंगठ्याच्या घामाने झिजावीत. मागच्या बाजूला पानांच्या दोन फांद्यांचं वेटोळं, आत इंग्रजीत ‘वन रुपी’, खाली फारसीत ‘यक रुपिया’, बाहेर ईस्ट इंडिया कंपनी आणि साल. फांद्यांवर बारीक फळं आहेत. त्या फळांची संख्या ठशागणिक बदलते आणि आम्ही संग्राहक लोक ती मोजत बसतो. प्रेक्षक मोजणार नाहीत. एक-दोन मोजतील, आणि ते मलाच मेल करतील, म्हणून खऱ्या नाण्याप्रमाणेच कोरायचं.

दुभंग तऱ्हेचा रुपया जास्त तजेलदार आहे, सलगचा नाकाशी घासलेला. सेटवर उलटा गोंधळ नको. १८४५ चा रुपया थैलीत झोपून होता, तो झिजायचं कारण नाही. मुनिमाने बाजारातून गोळा करून घातलेले झिजलेले असणार. हे मेकअपसारखंच आहे, कोण किती थकलंय ते आधी ठरवायचं.

१४ जून

पाऊस लागला. भुलेश्वरात ठसे कोरणाऱ्या काकांकडे. खोली दहा बाय दहा, खाली फ्लाय प्रेस, वर पोटमाळ्यावर काका. हल्ली डाय, म्हणजे ठसा, कॉम्प्युटरवर कापून मिळते, पण तिची अक्षरं साबणाच्या वडीवर छापल्यासारखी गोळीबंद येतात. काकांनी मशीनच्या डायवर हाताने कोरणी फिरवली, राणीच्या केसांच्या बटा मोकळ्या केल्या. भिंगाशिवाय. वय विचारलं तर म्हणाले, “डोळ्यांचं की माझं?”

धातू पितळ, वर चांदीचं पाणी. पितळ चांदीपेक्षा हलकं, त्यामुळे त्याच मापाचा रुपया साडेनऊ ग्रॅमच्या जवळपास भरेल. मला तेच हवं आहे, कारण पुढच्या नोंदीत.

प्रेसवाल्या पोराने सुचवलं, जुनी सरकारी नाणी स्वस्तात मिळतात, तीच दाबू, चकत्यांचा खर्च वाचेल. काकांनीच त्याला गप्प केलं. २०११ च्या कायद्याने सरकारी नाणं वितळवणं, तोडणं गुन्हा आहे. शिवाय निकेलवर चांदीचं पाणी काकांच्या हाताला बसत नाही, आणि त्यांच्या लेखी हे कारण मोठं.

दोन डाय राणीच्या बाजूच्या, एक मागची. सलगचे जास्त, दुभंगचे मूठभर. रांगेत उभे राहणाऱ्या ज्युनियर आर्टिस्टसारखे काही पत्र्याचे, थैलीत खाली घालायला.

१६ जून

प्रॉपची नाणी मालिका संपल्यावर कुठे जातात? गोडाऊन, मग भंगार, मग चोरबाजार, आणि दोन वर्षांनी एखाद्या हौशी माणसाच्या अल्बममध्ये ‘अस्सल’ म्हणून. बाजारात आधीच खोट्याचा चिखल आहे. रामदरबाराचं चित्र असलेली, कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेली ‘अर्धा आण्या’ची नाणी तर ढिगाने मिळतात. कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नाही. लोक ती लाखोंच्या आशेने जपून ठेवतात. जुन्या नाण्यांच्या नावाने फसवणूक इतकी वाढली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं: अशा खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यावर आपण कसलंही कमिशन घेत नाही.

म्हणून आपल्या प्रत्येक नाण्याच्या मागच्या बाजूला, फांद्यांच्या गाठीखाली, ‘नक्कल’ असा बारीक पंच. क्लोजअप राणीच्या बाजूचाच आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला त्रास नाही. वजन कमी, तेही मदतीला. प्रॉडक्शनने विचारलं, पंचाचे पैसे वेगळे का. हो, वेगळे.

१९ जून

आज भांडण. खरं तर चर्चा, पण आवाज वाढले.

तिसऱ्या भागात फ्लॅशबॅक आहे: सासूबाईंचे सासरे, पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत पुण्याला कारकून. त्यांना बक्षिसी मिळते. दिग्दर्शकांना ठरलेलं दृश्य हवं, सरदार कमरेची थैली काढून भिरकावतो, “पाचशे मोहरा!”, आणि कारकून ती हवेत झेलतो. मी कागदावर हिशोब मांडून दिला. मोहर अकरा ग्रॅमच्या आसपास. पाचशे म्हणजे साडेपाच किलो सोनं. हे कमरेला लावून सरदार घोड्यावर कसा बसला, आणि एवढं अंगावर आल्यावर कारकून उभा कसा राहिला? होन, म्हणजे सोन्याचं छोटं नाणं, असता तर गोष्ट वेगळी, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, पाचशे होन दीड किलोच्या आत. पण या काळातल्या साध्या कारकुनाला सोनं कशाला, पंचवीस रुपये द्या. बक्षिसी मोठीच वाटेल. दिग्दर्शक म्हणाले, पंचवीस रुपयांत ड्रामा नाही. ताई म्हणाल्या, मोजून हातावर ठेवा, मग आहे. मालिकांमध्ये कोणी कधी पैसे मोजत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. थैली उघडतसुद्धा नाहीत. आपल्या ट्रॅकचा जीव मोजण्यात आहे, तर आजोबाही मोजून घेऊ देत.

मग खरा मुद्दा. ते पंचवीस रुपये कोणते? पुण्याचे अंकुशी. अंकुशाची खूण, आणि बाकी सगळा मजकूर फारसीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावाने. चॅनेलच्या मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या, “पेशव्यांच्या नाण्यावर फारसी? प्रेक्षकांना काय सांगायचं? ‘श्री’ घाला.” नाही घालता येणार. मराठ्यांनी अठराव्या शतकात चांदीचे रुपये बादशहाच्याच नावाने पाडले, कारण रुपया चालला पाहिजे लाहोरपासून दक्षिणेपर्यंत, आणि सराफ ओळखीच्या छापाला बट्टा, म्हणजे बदलून देतानाची वजावट, कमी लावतो. राज्य आपलं, टांकसाळ आपली, नफा आपला, नाव दिल्लीचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हा व्यवहार आहे.

देवनागरी हवीच असेल तर तांब्यात आहे. ‘श्री राजा शिव’ एका बाजूला, ‘छत्रपति’ दुसऱ्या बाजूला. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची ही शिवराई पेशवाईत आणि नंतरही बाजारात फिरत होती. शेवटी तोडगा असा: अंकुशी रुपयांवर अंकुशाची बाजू, आणि त्याच दृश्यात कारकुनाच्या बायकोने भाजीवालीला शिवराई देणं. मॅडम खूश, कारण महाराजांचं नाव आलं. मी खूश, कारण भाजी चांदीच्या रुपयाने घेतली नाही. बहुतेक मालिकांत वांगी घ्यायला तोळाभर चांदी मोजतात.

२३ जून

नाणी हातात आली. फार चमकतात. ऑक्सिडाइज करून घेतली, मग चिंच आणि रांगोळीने वरवर घासली, म्हणजे उठाव उजळ आणि खाच काळी. दादांच्या पोरांनी संध्याकाळपर्यंत सगळी उरकली, बोटं काळी करून.

थैली जाड मांजरपाटाची, लाख खरी. सहाशे खऱ्या रुपयांचं वजन सात किलो. आपल्या नाण्यांचं इतकं होत नाही, म्हणून नागदेवी स्ट्रीटवरून लोखंडी वायसर आणून तळाशी भरले. मुनिमाचं काम करणारे नट ज्येष्ठ आहेत, पाठीचा त्रास आहे. पण त्यांनीच सांगितलं, वजन खरं ठेवा, नाहीतर खोटं उचलायला जास्त अभिनय करावा लागतो.

२५ जून

आवाज. पितळी नाणी फरशीवर टाकली की डबक्यात दगड पडल्यासारखी थप्प वाजतात. चांदी वाजते तशी पितळ वाजत नाही, कितीही पाणी चढवा. सराफ रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच कडेवर टिचकी मारतो, तो आवाज लांबत जातो आणि कानाशी बारीक थरथरत राहतो. खोट्यात तो मधेच मरतो. तो आवाज स्टुडिओत माझ्या खऱ्या रुपयांवर वेगळा घेतला. साउंडवाला मुलगा आधी कंटाळलेला होता, मग हेडफोन लावून स्वतःच वेगवेगळे रुपये वाजवायला लागला. सागवानी फळीवर, गादीवर, दगडावर, तांब्याच्या ताटलीत, सगळं घेतलं. थैली सोडल्यावर नाणी ओघळतात तो आवाज मात्र नाण्यांच्या संख्येवर अवलंबून, आणि खरे सहाशे रुपये माझ्याकडे नाहीत. तिथे थर चढवून भागवलं.

२९ जून

गोरेगावला चित्रनगरीत शूट. सकाळपासून मुसळधार, पत्र्यावरच्या पावसाने संवादाचा आवाज खराब, सगळं डबिंगला जाणार.

सुनेचा मुख्य संवाद ताईंनी रात्रीतून बदलला होता. सुनेला इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा तिने ‘अक्षरं दुभंगली’ म्हणणं बरोबर नाही, अक्षरं ती अक्षरं म्हणून ओळखतच नाही. नवा संवाद: ती एका हातावर डबीतला रुपया ठेवते, दुसऱ्यावर थैलीतला, आणि सासऱ्यांच्या मित्राला, वयस्कर सराफाला म्हणते, “काका, हिच्या डोक्यावर पदर आहे. हिचा खांद्यावर पडलाय. सासूबाई, पदर पडलेली कधीपासून यायला लागली?” सासूबाई पुड्या सोडतात.

मॅक्रो लेन्सवर तीन सेंटिमीटरचं नाणं पडदाभर झालं. काकांनी मोकळ्या केलेल्या बटा तेव्हा दिसल्या. कॅमेरामनने विचारलं, हे कुणी केलं. नाव सांगितलं, श्रेयनामावलीत घालायची विनंती प्रॉडक्शनकडे लेखी दिली आहे.

एक वाद टाळता आला नाही. दिग्दर्शकांना सराफाने शेवटी रुपया दाताने चावून बघायला हवा होता. दात रुततो तो मऊ सोन्यात आणि शिशाच्या खोट्यात. बाराव्या भागाची तांब्याची भर घातलेली चांदी चावून दातच जायचा. आणि इथे कोणी रुपया खोटा आहे असं म्हणतच नाहीये. दोन्ही तऱ्हेने शूट केलं, संकलनात बघू म्हणाले. कुठलं राहील याचा अंदाज आहे.

मुनीम पकडला गेल्यावरचं दृश्य मात्र बघण्यासारखं झालं. त्यांनी संवाद टाकून दिला. फक्त थैलीतले रुपये परत आत भरायला लागले, एकेक, मोजून, जणू मोजणी नीट झाली तर गुन्हा पुसला जाईल. वायसरवर नाणं पडल्याचा आवाज आला तेव्हा सेटवर एकाला हसू फुटलं. पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा पहिल्याइतकं जमलं नाही.

४ जुलै

पहिला कट बघितला. चावणं राहिलं. पदराचा संवाद राहिला. भाजीवालीची शिवराई अर्धा सेकंद दिसते, पण दिसते. पुड्यांवरचे शके वाचता येतात, फक्त एका पुडीवर कुणीतरी इंग्रजी आकडे लिहिलेत, ते व्हीएफएक्सवाले पुसणार आहेत.

नाण्यांचा हिशोब: सलगचे सगळे परत. दुभंगचे दोन कमी. एक दिग्दर्शकांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून सापडला. दुसरा बहुधा मुनीमसाहेबांकडे आहे, त्यांना विचारायला कोणी तयार नाही. नक्कल पंच आहे, त्यामुळे मी मागे लागले नाही.

ताईंचा फोन. पुढच्या महिन्यात मालिका दहा वर्षं उडी घेणार, काळ १८६३, कापसाची तेजी, अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत पैशाचा पूर. रुपयांच्या राशी दाखवायच्या आहेत. म्हटलं, आता कंपनीचं नाव गेलं, ‘इंडिया’ आलं, राणीच्या डोक्यावर मुकुट आला, साल १८६२. आणि तेही १८७४ पर्यंत हललं नाही, तेव्हा साल बघून कोणी कोणाला पकडणार असेल तर आत्ताच सांगा. त्या म्हणाल्या, “नाही, या वेळी आग लावायची आहे.” चांदी किती अंशाला वितळते ते बघून कळवते म्हटलं. पितळेचं दादांना विचारायचं. काकांना नव्या डायचा निरोप सोमवारी.